हिरव्या फितीखालचं झाकण

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज आटोपली की पोर्ट सईदच्या अरब मोहल्ल्यातल्या शुक्रीच्या फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा उरत नसे. बाया आत, पुरुष दारात, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते समोरच्या मासे भाजणाऱ्याच्या पायरीवर. सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या पडद्याकडे. पडद्यावर जुना समुद्रकिनारा. एकोणीस वर्षांचा एक मुलगा गुडघ्यावर कलिंगड फोडतो आहे, हसतो आहे. आणि त्याच्या शेजारी, चित्राच्या उजव्या कडेला, एक पांढरा माणूस उभा. चेहरा नाही, हात नाहीत. नुसता पायघोळ झगा आणि वर पागोट्यासारखं काहीतरी गोल.

"दिसला?" शेख फरगलीनं छडी पडद्यावर टेकवली. "अल्लाचा वली, संतपुरुष आहे तो. ज्याला दिसला नाही त्यानं घरी जाऊन आपली पापं मोजावी."

मग काय, सगळ्यांनाच दिसला.

हा फरगली दोन वर्षांपूर्वी होडीच्या धक्क्यावर टकलावर केस उगवायचं तेल विकत होता. तेलानं एकाच्या डोक्यावर फोड आले आणि शेख काही दिवस गावातून गायब झाला. परत आला तो दाढी वाढवून आणि जिभेला आणखी धार लावून. "फिल्म म्हणजे काय?" तो विचारी. "चांदी. चांदी आत्म्याला ओढून घेते, हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी कबूल केलंय. त्यांची नावं मी सांगणार नाही. बिचाऱ्यांच्या नोकऱ्या जातील." लोक माना डोलवत. मग आजारी माणसांनी पडद्यापुढं यायचं आणि दुखरा अवयव पांढऱ्या माणसाच्या उजेडात धरायचा. कुणी गुडघा धरी, कुणी कंबर. जाताना कुणी बदक ठेवून जाई, कुणी साखरेचा पुडा. शेखला बदक फार आवडे.

इन्साफ त्या दिवशी दारातच थबकली. ती शुक्रीची थोरली बहीण. तीस वर्षं मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेलं, आणि बापाच्या या स्टुडिओतलं प्रत्येक यंत्र तिच्या हाताखालून गेलेलं. लेकीच्या बाळंतपणासाठी ती इस्माइलियाला गेली होती आणि बाळाचा चाळिसावा दिवस उरकून आज परतली होती. तिच्या मागं हे सगळं सुरू झालं होतं.

तिची नजर पडद्याआधी पुढच्या खुर्चीवर गेली. तिथं वजीदा खाला बसली होती, तिच्या आईची धाकटी बहीण. डावा पाय स्टुलावर, पट्टी सोडलेली. अंगठा काळा पडला होता. लोबानाच्या धुरातूनही वास येत होता.

"पट्टी कुणी काढली?" इन्साफनं विचारलं.

"शेख म्हणतात, पट्टीनं उजेड अडतो," खाला म्हणाली. "इन्सुलिनची सुई पण बंद केलीय. सुई म्हणजे संशय."

इन्साफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालाला वीस वर्षांचा मधुमेह. महिन्यापूर्वी डॉक्टरनं लिहून दिलं होतं की अंगठा ताबडतोब काढा, नाहीतर पाय जाईल आणि मग जीव. तो कागद खालानं उशीखाली ठेवला होता आणि ती रोज इथं येऊन बसत होती.

इन्साफ भिंतीला टेकून पडद्याकडे बघत राहिली. किनाऱ्यानंतर एका लग्नाचं रीळ लागलं, पांढरा माणूस तिथंही हजर. मग बंदरात जहाजांना माल विकणारी एक होडी आली, तिच्यातही तो उभा. होडी लाटांवर हेलकावे खात होती, विकणारा तोल सावरत होता, आणि झगेवाला मात्र जरासुद्धा डुलत नव्हता. चित्र काढणाऱ्यानं कॅमेरा फिरवला, होडी डावीकडे सरकली, तरी हा आपल्या जागी. तिन्ही रिळं वेगळी, माणसं वेगळी. जागा एकच.

म्हणजे तो रिळात नव्हता, यंत्रात होता.

हे यंत्र घरोघरी पडून असलेली जुनी छोटी रिळं संगणकावर उतरवणारं आणि तिथून पडद्यावर दाखवणारं. बुटाच्या खोक्याएवढं. एका बाजूनं फिल्म आत जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. मध्ये एक दिवा, दिव्याचा उजेड सारखा पसरावा म्हणून त्याच्यासमोर दुधी रंगाची फळी, तिच्यापुढून सरकणारी फिल्म आणि एकेक चित्र टिपणारा इवलासा कॅमेरा. त्यात बिघाड झाला तर कुठं बघायचं हे इन्साफला पाठ होतं. पण आता यंत्राच्या झाकणाला आडवी-उभी हिरवी फीत बांधलेली होती आणि गाठीवर शेखनं लाख ओतली होती.

लोक गेल्यावर तिनं शुक्रीला फीत कापायला सांगितलं. तो दोन पावलं मागं सरला. म्हणाला, झाकण उघडलं तर बरकत जाईल, असं शेख म्हणतात.

"अरे, तुला यातलं कळतं ना? बापानं तुला धुणी धुवायला शिकवलं होतं का?"

शुक्री खुर्च्या आवरू लागला. दहा वर्षं या दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं, आता गर्दी मावत नव्हती. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि या आंधळ्यानं डोळे मुद्दाम मिटले होते. इन्साफला त्या क्षणी फरगलीपेक्षा आपल्या भावाचीच जास्त चीड आली.

घरी जाऊन ती विचार करत बसली आणि एकाएकी तिला आठवलं. इस्माइलियाला निघायच्या आदल्या दिवशी ते यंत्र तिनंच साफ केलं होतं. कशानं? कलोनिया नावाच्या स्पिरिटवाल्या सुगंधी पाण्यानं. या गावात न्हाव्याच्या खुर्चीपासून पाहुण्याच्या हातापर्यंत सगळं लिंबाच्या कलोनियानं पुसतात. तिचा बाप त्यानंच भिंगं पुसायचा. पण भिंगं काचेची होती आणि ही दुधी फळी होती प्लॅस्टिकची, स्क्रूनं आवळलेली. ताणलेल्या प्लॅस्टिकला स्पिरिट लागलं तर ते तडकू शकतं.

तिनं तसल्याच प्लॅस्टिकचा तुकडा शोधला, कोपऱ्यात भोक पाडलं, स्क्रू घट्ट आवळला आणि कलोनियाचा बोळा फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर स्क्रूभोवती बारीक भेगांचं वर्तुळ पडलं होतं आणि त्यातून एक लांब चीर सरळ खाली उतरली होती. गोल पागोटं आणि पायघोळ झगा.

ती तडक खालाकडे गेली आणि सगळं सांगितलं. खालानं ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"पाय गेला तर जाऊ दे," ती म्हणाली. "पडद्यावर कलिंगड फोडतो तो माझा बहगत. सदुसष्टच्या लढाईत सिनाईत गेला तो परत आला नाही. कबरही नाही. इतकी वर्षं मी एकाच विचारानं जागी राहिले, माझा भाऊ वाळूत एकटा मेला. आता दिसतंय, त्याच्याजवळ कुणीतरी उभं होतं. ते तू माझ्याकडून काढून घेणार?"

इन्साफला आता कळलं. फरगलीनं नुसता पाय नव्हता धरला. या बाईची सगळ्यात जुनी जखम त्यानं हेरली होती आणि तिच्यावर दुकान मांडलं होतं. अशा माणसाला शिव्या तरी कोणत्या द्यायच्या?

त्याच दिवशी असरनंतर ती कात्री घेऊन स्टुडिओत शिरली. खाला नेहमीसारखी पुढच्या खुर्चीवर होती.

"शेख, आज फिल्म न घालता यंत्र चालवा."

फरगली क्षणभर अडखळला. पण तो कच्चा गडी नव्हता. त्यानं रीळ काढायला लावलं, दिवा लागला, आणि रिकाम्या पडद्यावर पांढरा माणूस आणखी लख्ख उभा राहिला.

"बघा!" तो ओरडला. "आता त्यांना फिल्मचीही गरज नाही! स्वतः आलेत!"

लोक गहिवरले. एक बाई रडायलाच लागली. इन्साफनं कपाळावर हात मारला. समोर पुरावा ठेवला तर लोकांनी त्याचीच जत्रा केली होती. फरगली तिच्याकडे वळून गोड हसला. "बाई, शाळा सुटली आता. घरी जा."

ती घरी गेली नाही. तिनं कात्रीनं हिरवी फीत कापली. लोक ओरडले, शुक्रीनं हात पुढं केला, पण तिच्या डोळ्यांत बघून मागं घेतला. तिनं झाकण काढलं, चार स्क्रू सोडवले, दुधी फळी बाहेर घेतली, उलटी फिरवली आणि पुन्हा बसवली.

दिवा लागला. पांढरा माणूस चित्राच्या डाव्या कडेला गेला होता, आणि पागोटं खाली, झगा वर.

लोकांनी माना वाकड्या करून बघितलं.

"शेख," इन्साफ म्हणाली, "तुमचे वली डोक्यावर का उभे राहिले? माझ्या पापांमुळं की चार स्क्रूंमुळं?"

दारातून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग ते हसू पायरीपर्यंत पोचलं. इन्साफ मात्र हसली नाही. तिनं फळी काढून हातोहात फिरवली, प्रत्येकाला त्या चिरेवरून नख फिरवायला लावलं.

"ही चीर माझ्या चुकीनं पडली," ती म्हणाली. "मी कलोनियानं पुसली. दिव्याचा उजेड या चिरेतून सरळ येतो, म्हणून तिथं पांढरं दिसतं. मी चूक केली आणि तुमच्यासमोर कबूल करते. आता या माणसाला विचारा, त्यानं झाकणाला लाख का लावली होती? आणि एका बाईची सुई का बंद केली?"

फरगली "संशयानं माणूस आंधळा होतो" असं काहीतरी पुटपुटला आणि मागच्या दारानं सटकला. जाताना बदक विसरला नाही. आणि खोटं कशाला सांगा, चार-पाच जण त्याच्या मागोमाग गेलेही.

शुक्री खाली मान घालून उभा होता. इन्साफनं त्याच्या हातात घरून कापून आणलेली नवी फळी दिली. "बसव. आणि खालाचं रीळ लाव."

पुन्हा किनारा आला, बहगत आला, कलिंगड फुटलं. त्याच्या शेजारी आता कुणी नव्हतं. खालानं डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड, खाला," इन्साफ तिच्याजवळ बसली. "तो झगा उभा होता ना, तिथं वाळूवर बघ."

पांढऱ्या पट्ट्यानं इतके दिवस झाकलेल्या जागी एक सावली पडली होती. बारीक, वाऱ्यानं उडणारा घागरा, आणि चेहऱ्यापुढं कॅमेरा धरलेल्या हातांची दोन कोपरं. सावली थेट बहगतच्या पायापर्यंत पोचली होती.

"ते रीळ कुणी काढलं होतं?"

खाला खुर्चीत पुढं वाकली. "मी," ती म्हणाली. "तो कलिंगड खात होता आणि मी त्याला सारखी हसवत होते."

"तो कसा मेला ते मला माहीत नाही, आणि त्या फरगलीलाही नाही. पण हसत होता तेव्हा त्याच्यासमोर तू होतीस. हे खरं आहे. याला कुठलाही शेख लागत नाही."

त्याच संध्याकाळी खालाला रुग्णालयात नेलं. महिन्यापूर्वी अंगठ्यावर भागलं असतं. आता डॉक्टरांना पाय गुडघ्याखालून कापावा लागला. फरगलीला कुणी काही केलं नाही. तो म्हणे आता दमिएत्ताला तांब्याच्या कड्यांनी दमा बरा करतो.

ते ऐकून शेजारची एक बाई खालाकडे आली. तिच्या नवऱ्याला दमा होता, आणि ती विचारत होती की एकदा जाऊन बघायला काय हरकत आहे. वजीदा खालानं मांडीवरची चादर बाजूला केली आणि जिथं पाय संपत होता तिथं हात ठेवला.

"जा," ती म्हणाली. "पण आधी त्याला झाकण उघडायला सांग. उघडू देत नसेल, तर तिथं एक क्षणही बसू नकोस. मी महिनाभर बसले होते."