तीन किलोंची बॅटरी

सौदामिनीच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नाही. ती दातांची डॉक्टर आहे. दात काढताना डाव्या हाताने पेशंटचा जबडा धरते तेव्हा ती दोन बोटं आकड्यासारखी बाहेर राहतात. नांदेडच्या दवाखान्यात कुणी विचारलंच तर सांगते, "गाडीच्या दारात सापडली." ते खरंच आहे. दार कुणी लावलं, तेवढं ती सांगत नाही.

गाडी तिचीच होती. लाल रंगाची, दोघांपुरती, जमिनीला पोट टेकवून पळणारी जुनी स्पोर्ट्स कार. लग्न होऊन लातूरला गेल्यावर तिने ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती, पण चालवायचा तिचा नवरा आलोक. लातुरात त्याचे गणिताचे मोठे क्लास होते. औसा रोडपासून बार्शी रोडपर्यंत होर्डिंगवर हाताची घडी घातलेला त्याचा हसरा फोटो. एका संध्याकाळी त्याच्या मित्रांसमोर ती म्हणाली, "आज मी चालवते." आलोकने हसून किल्ली तिच्या हातात दिली. बसताना तिने डाव्या हाताने दाराची चौकट धरली होती. त्याने पायाने दार ढकललं. तेवढ्यावर थांबला असता तर चुकून लागलं म्हणता आलं असतं. त्याने दार उघडलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं.

मित्र आपापल्या गाड्यांकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाताला बांधलेल्या पट्टीसकट त्याच गाडीने नांदेडला निघाली. गिअर डाव्या हाताचा. अहमदपूर, लोहा, पुढचा सगळा रस्ता, गिअर बदलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वडिलांच्या दारात तिने गाडी उभी केली आणि हॉर्नवरच डोकं टेकलं. रेणुकादास म्हणजे तिचे वडील, वकिली सोडून घरी बसलेले. ते बाहेर आले, मुलीचा हात पाहिला आणि एवढंच म्हणाले, "आत चल."

दोन वर्षं कोर्टात घटस्फोटाची केस चालू राहिली. तेवढ्या काळात सौदामिनीने नांदेडला दवाखाना टाकला आणि गाडी शिकली. चालवता येत होतीच. आता वळणावर शिकली, ब्रेकवर शिकली. हैदराबादजवळ एका ट्रॅकवर वेळेच्या शर्यती होतात, तिथे जाऊन आली. पहिल्यांदा घड्याळाविरुद्ध गाडी पळवली तेव्हा हेल्मेटच्या आत ती मोठमोठ्याने ओरडत होती आणि ते तिला नंतर कळलं. मग तिने गाडी हलकी करायला घेतली. आतलं कार्पेट काढलं, जादा चाक काढलं. राहिली बॅटरी. या गाडीची बॅटरी डिक्कीत असते. मूळची सोळा किलोंची, आणि मागवलेली रेसिंगची लिथियम बॅटरी तीन किलोंची.

मुदखेड रोडला वैजनाथचं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. मूळ मुखेडकडचा माणूस, चाळिशीचा, अंगाने किरकोळ. एप्रिलच्या एका भर दुपारी, पत्रे तापून कडकड वाजत असताना, दोघं डिक्कीत वाकले होते. जुनी बॅटरी वैजनाथने दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडेला ठेवली आणि नवी एका हातात धरून वरखाली केली.

"डाक्टर, ही बॅटरी हाय का डबा हाय? माझ्या घरवालीचा जेवणाचा डबा याच्यापरीस जड ऱ्हातो."

"पाणी नाही ना यात, शिसं नाही."

"पण करंट लई एकदम सोडती. तुमच्या अंगठ्या, घड्याळ काढून ठिवा आधी. मी बी काढून राहिलो."

जुन्या बॅटरीची जागा मोठी, नवी त्यात खुळखुळली असती. वैजनाथने खाली रबर घातलं आणि ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून वरून गाडीच्या पत्र्याला आवळली. शर्यतीच्या नियमाप्रमाणे सगळा करंट तोडणारा एक कटऑफ स्विच लागतो. तो त्यांनी अर्थच्या वायरीवर, डिक्कीच्या कडेला बसवला. सौदामिनीने दहा नंबरचा पाना घेऊन आधी लाल वायर जोडली, मग काळी. स्विच चालू केला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वैजनाथने मीटर लावून चार्जिंग पाहिलं, मान हलवली. तिने किल्लीने गाडी बंद केली, स्विच तसाच चालू राहिला. लाल टोकावर रबरी टोपण बसवायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात पांढरी मोठी गाडी दारात येऊन थांबली आणि आलोक उतरला.

तो एकटाच होता. उन्हातून आल्यामुळे आत क्षणभर त्याला दिसेना. मग लाल गाडी दिसली.

"दवाखान्यात म्हणाले, तू इथे आहेस. म्हणजे खरं आहे," तो म्हणाला. "तुझा ट्रॅकवरचा व्हिडिओ लातूरभर फिरतोय. पोरं वर्गात विचारतात, सर, मॅडम रेसिंग करतात का हो? माझ्या वर्गात!"

"कोर्टाने तुला माझ्यापासून लांब राहायला सांगितलंय, आलोक."

"गाडी माझी आहे."

"नाही. माझ्या नावावर आहे, माझ्या पैशांची आहे. तू जा."

जमिनीवर चाकाचे नट खोलायची टॉमी पडली होती. त्याने ती उचलली. पहिला फटका पुढच्या काचेवर बसला, दुसरा आरशावर. वैजनाथ मध्ये आला. त्याने हात जोडले होते.

"सर, गाडीवर राग काहून? बसा, पाणी देतो, बोला इथं बसून..."

आलोकने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटेतली फांदी बाजूला करावी तशी त्याने टॉमी आडवी फिरवली. वैजनाथने हात वर केला आणि कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज सौदामिनीला स्पष्ट ऐकू आला. वैजनाथ खाली बसला. ओरडला नाही. आपला हात भलत्याच ठिकाणी वाकलेला बघत बसला.

"याच्यावरच चालते ना ही?" आलोक डिक्कीकडे वळला. टॉमी त्याने डाव्या हातात घेतली आणि उजवा हात आत घालून बॅटरी धरली. ती उपटायची होती त्याला.

त्याच्या उजव्या मनगटात सोन्याचं जाड कडं होतं. कड्याची एक बाजू लाल टोकाला लागली, दुसरी ॲल्युमिनियमच्या पट्टीला. वेल्डिंगच्या दुकानात होतो तसा पांढरा उजेड डिक्कीत झाला. कडं टोकालाच चिकटून बसलं. आलोकने हात ओढला, हात येईना. मग तो किंचाळला. टॉमी त्याच्या हातून सुटली. कडं आधी काळपटलं आणि मग लाल होऊ लागलं, आणि त्याच्याखालची कातडी फुगून फुटली. गॅरेजभर जळक्या मांसाचा वास पसरला.

सौदामिनी स्विचपासून हातभर अंतरावर उभी होती. लातूरच्या घरात कित्येकदा भिंतीकडे तोंड करून पडल्यापडल्या तिने हाच माणूस असा किंचाळताना मनात पाहिला होता. आता तो खरोखर किंचाळत होता आणि तिला विचार करायला सवडच मिळाली नाही. हात आपोआप गेला. तिने स्विच फिरवला, दहाचा पाना कड्याखाली घालून हिसका दिला. कडं सुटलं. आलोक मागे कोलमडला, मनगट पोटाशी धरून वाकला.

"बस खाली. मला बघू दे," ती म्हणाली.

ती पुढे झाली आणि त्याने डाव्या हाताची मूठ तिच्या तोंडावर मारली.

ती डिक्कीच्या कडेवर आपटून खाली आली. ओठ फाटला, तोंडात रक्त भरलं. त्याने लाथ घातली. पोटात, पुन्हा पोटात. "मला शॉक देतेस? मला मारतेस?" असं तो रडत रडत म्हणत होता आणि लाथा घालत होता. तिने गाडीखाली सरकायचा प्रयत्न केला. गाडी इतकी बुटकी की खांदाही जाईना. चाचपडताना हाताला टॉमी लागली.

पहिला फटका तिने पडल्यापडल्याच मारला, गुडघ्यावर. तो आडवा झाला. ती उठली, दुसरा खांद्यावर मारला. त्याचा खांदा खाली लोंबला. आता तो उताणा पडला होता, उठण्यासारखी स्थिती नव्हती, भाजलेला हात तोंडापुढे धरून म्हणत होता, "मिनी, नको. मिनी, बास."

हे तिला दिसत होतं. ऐकूही येत होतं. तरी तिने तिसरा मारला, बरगडीत, दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. चौथ्यासाठी टॉमी डोक्यावर नेली.

"ताई," मागून वैजनाथ म्हणाला. आजवर त्याने तिला डाक्टरच म्हटलं होतं. "मरल त्यो."

तिने टॉमी गाड्या तपासायच्या खड्ड्यात फेकून दिली. मग ती नळाकडे गेली, चूळ भरली, रक्त थुंकलं आणि नळाची रबरी नळी ओढत आलोकपर्यंत आणली. त्याचं मनगट धारेखाली धरलं. तो शिव्या देत होता. "तुला आत टाकतो. डिग्री काढून घेतो तुझी." ती ऐकत होती आणि पाणी सोडत होती. हाताखाली पुठ्ठा घालून वैजनाथचा हात तिने ओढणीने बांधला. स्वतःच्याच फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि नंतर पोलीस.

संध्याकाळी ठाण्यात फौजदार मॅडमसमोर ती बसली तेव्हा ओठाला टाके पडले होते. रेणुकादास शेजारी होते. बाहेरच्या बाकावर त्यांनी तिला हळू आवाजात समजावलं होतं.

"दोन फटके स्वसंरक्षणात बसतात. तो लाथा घालत होता, तू सुटायला मारलंस. तिसरा म्हणजे पडलेल्या माणसाला मारणं. तिसऱ्याचं नाव काढायचं नाही. वैजनाथला मी विचारतो, तो..."

"त्याला काही विचारू नका, बाबा."

"सौदामिनी, मी चाळीस वर्षं हेच केलंय. ऐक."

आत मॅडमने विचारलं, "बॅटरीचा करंट तुम्ही मुद्दाम लावला, असं त्यांचं म्हणणं आहे."

"नाही. त्याने स्वतः हात घातला. मी स्विच बंद केला."

"मग मारलं कधी?"

"त्यानंतर. त्याने मला पाडलं तेव्हा. एक गुडघ्यावर, एक खांद्यावर." रेणुकादासांनी खुर्चीचा हात धरला. "आणि एक बरगडीत. तेव्हा तो पडलेला होता. नको म्हणत होता."

मॅडमने लिहिणं थांबवून वर पाहिलं. "हे लिहू?"

"लिहा."

रिक्षात बसल्यावर रेणुकादास म्हणाले, "कशाला सांगितलंस?"

"नसतं सांगितलं तर मला त्याच्यासारखं राहावं लागलं असतं. घरात एक, होर्डिंगवर एक." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "आणि बाबा, तिसरा मारताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्याचीच भीती वाटतेय."

त्यांनी तिच्या त्या दोन वाकड्या बोटांवर हात ठेवला. घर येईपर्यंत काढला नाही.

दोघांवरही गुन्हे दाखल झाले. आलोकच्या मनगटावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. अंगठा वळतो, पण खडू नीट धरता येत नाही. वैजनाथने जसं घडलं तसंच सांगितलं, तिसऱ्या फटक्यासकट, आणि आपला हात कुणी मोडला तेही. कोर्टाचा मनाई हुकूम मोडून दुसऱ्याच्या गॅरेजात शिरलेला माणूस आलोक होता, हे त्याच्या वकिलालाही पुसता येईना. पावसाळा संपताना लातूरहून निरोप आला: दोन्ही बाजूंनी तक्रारी मागे घ्याव्यात, घटस्फोट संमतीने व्हावा. सौदामिनीने वैजनाथला विचारलं. तक्रार त्याची होती, हातही त्याचा.

"मला कोरटात चकरा मारायची हौस न्हाई," तो म्हणाला. "पण माझ्या गॅरेजला येऊन माफी मागू द्या त्याला. रोडवरच्या लोकांनी ऐकावी अशी."

आलोक आला. पांढऱ्या गाडीतून उतरला, दारात उभा राहिला आणि बोलला. आवाज फार मोठा नव्हता, पण शेजारच्या पंक्चरवाल्याला ऐकू गेला. सौदामिनी मुद्दाम तिथे गेली नाही. त्या दिवशी तिने दवाखान्यात सलग पेशंट तपासले आणि संध्याकाळी दार लावून बसली.

एप्रिलची शर्यत हुकली होती. थंडीत पुन्हा भरली तेव्हा ती नवी काच बसवलेली गाडी घेऊन गेली. रेणुकादासही गेले, स्टँडमध्ये कानांत कापसाचे बोळे घालून बसले. तिसऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला, ती गोल फिरून गवतात गेली, पुन्हा ट्रॅकवर आली. नंबर शेवटून दुसरा लागला.

तिने वैजनाथला फोन केला.

"मागून सरकते हो. वळणावर मागचा भाग धरतच नाही."

"सरकणारच. मागचं वजन काढलं न्हवं आपण." त्याच्याकडे मागे ग्राइंडर चालू होता, म्हणून तो ओरडून बोलत होता. "मागची स्प्रिंग नरम करून बगू. सोमवारी गाडी आणा. पर सकाळी या, माझा हात दुपारून दुखतो."

"येते," ती म्हणाली, आणि हेल्मेट काखेत धरून वडील कुठे बसलेत ते शोधायला निघाली.