दोन फांद्यांवरचं एकच पान

डेपोत त्यांना सगळे फांदीमास्तर म्हणत. बसगाड्यांचं रोजचं वेळापत्रक काढणारा प्रोग्राम त्यांनी एका आउटलाइन एडिटरमध्ये लिहिला होता. त्यात सगळं झाडासारखं मांडलेलं असतं. शीर्षकावर टिचकी मारली की फांदी उलगडते, पुन्हा मारली की मिटते. मास्तरांचा जीव जडला तो या झाडावरच. प्रोग्राम त्यात, नवं काही शिकताना केलेली टिपणं त्यात, लेकीला लिहायचा मजकूरसुद्धा त्यातच. देव एकेकाला एकेक वेड देतो, यांना हे दिलं. पण वेडाचं जाळं कधी झालं, ते विणणाऱ्या कोळ्यालाच कळलं नाही. झाड असं फोफावलं की मास्तरांवाचून कुणाला त्यात वाट सापडेना.

इकडे लेकीचे दिवस भरत आलेले. बायको केव्हाच तिच्याकडे पुढे गेली होती. रोज फोनवर लेक विचारी, "बाबा, निघताय ना?"

साहेब म्हणत, "निघा की! हे चालवणारं माणूस तयार करा आणि खुशाल जा. तोवर मात्र कार्यमुक्तीच्या कागदावर सही मागू नका." बोलणं साखरेचं, पण कुलूप साखरेचं असलं तरी कुलूपच ना!

शेवटी एक तरुण प्रोग्रामर आली. तिला सगळे नवीबाई म्हणू लागले. मास्तरांनी तिच्यासाठी 'शिकवणी' अशी नवी फांदी काढली आणि प्रोग्रामचे तुकडे, समजतील अशा क्रमानं, तिथे क्लोन करून लावले. हा क्लोन म्हणजे नक्कल नव्हे. तुकडा एकच, फक्त दोन फांद्यांवर दिसतो. इथे अक्षर बदललं की तिथेही बदलतं. हे त्यांनीच तिला दहादा बजावलं होतं. आणि काल संध्याकाळी शिकवण्याच्या भरात स्वतःच एका क्लोनमध्ये प्रेमानं लिहून बसले: 'इथे जरा दम खा. चालकांची जेवणाची सुट्टी याच ओळीवर ठरते.'

सकाळी वेळापत्रक निघालंच नाही. खिडकीशी चालकांची ही गर्दी!

"मास्तर, गाडी काढू की झोपू?"

"झोप, पण हँडब्रेक लावून!" मागून कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी पडद्यावरची चूक वाचली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपलंच वाक्य प्रोग्रामच्या घशात अडकलंय. एका क्षणाचं काम! हात कळफलकाकडे गेला आणि हवेतच थांबला. आपण दुरुस्त केलं, की आपल्यावाचून चालत नाही हेच ठरणार, आणि सही लांबणार. नाही केलं, तर बिचारे प्रवासी थांब्यांवर ताटकळणार.

साहेब आलेच. "बघा, तुमच्यावाचून पान हलत नाही इथे! राहा आणखी थोडे दिवस."

नवीबाई हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला सापडलंय. तोंडावर दिसतंय तुमच्या."

"सापडलंय."

"मग सांगू नका."

ती भलतीच फांदी उलगडून बसली. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. 'देवा, हिला सुबुद्धी दे, आणि मला गप्प बसायची ताकद दे,' एवढंच मनात चाललेलं. ती फांदी तिनं मिटली, दुसरी उघडली. खिडकीवर थापा पडत होत्या. अचानक ती खुदकन हसली.

"अहो काका, दम खायला मला सांगायचं, तर तुम्ही मशीनला सांगितलंत!"

तिनं ते वाक्य कापून शिकवणीच्या मूळ शीर्षकाखाली लावलं. कुठलाही क्लोन नसलेली ती जागा होती. वेळापत्रक निघालं. खिडकीबाहेर शिट्ट्या वाजल्या आणि गाड्या घरघरू लागल्या.

साहेबांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे सही केली आणि ते नवीबाईकडे वळले. "शाब्बास! आता तुमच्यावाचून पान हलायचं नाही बरं का!"

ती लाजून हसली. मास्तरांच्या काळजात चर्र झालं. या खुर्चीत, हेच ऐकून, तेही असेच हसले होते.

पिशवी खांद्याला लावून ते तिच्यापाशी वाकले. "पोरी, ऐक. आजपासूनच कुणाला तरी शेजारी बसव. झाड एकटीनं वाढवू नकोस."

"हो काका, बसवते ना." तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "आधी ही एवढी फांदी नीट लावते."

खिशात फोन वाजू लागला. मास्तर दारात उभे राहिले, आणि तिच्या टिचक्या ऐकत राहिले.