पक्कड आणि कात्री

चोरी झाल्यापासून टेलरकाकू अंधार पडायच्या आत दुकान बंद करू लागल्या. पूर्वी त्यांचं मशीन संध्याकाळभर घरघरत असे आणि शेजारपाजाऱ्यांना ते ऐकूनच सोबत वाटे. आता त्यांनी मागची खिडकी खिळे ठोकून बंद केली होती. दुकानात वारा येईना, इस्त्रीच्या वाफेने जीव गुदमरे, तरी खिडकी उघडायचं नाव नाही. कुठे जरा खुट्ट झालं की त्यांचा पाय मशीनवरून उचलला जाई.

लेक रोज फोनवर तेच सांगे. दुकान विकून टाक, माझ्याकडे ये, नातवंडांचे फ्रॉक शिव. काकूंनी तिला सांगितलं होतं, त्या चोराबरोबरची बैठक होऊ दे, मग ठरवते.

तो माणूस सापडला होता. मशीनची मोटर आणि इस्त्री घेऊन तो भंगारवाल्याकडे विकायला गेला, आणि भंगारवाला निघाला काकूंचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या पँटी दरवर्षी थोड्या सैल करून द्यायचं काम काकूंचंच. त्याने मोटर ओळखली, पोलिसांना कळवलं, आणि वस्तू काकूंना परत मिळाल्या. मिळाली नाही ती फक्त त्यांची कात्री.

चोर वायरमन होता, तिशीतला. याआधी कधी गुन्हा केलेला नव्हता. म्हणून न्यायाधीशांनी प्रकरण समेटाच्या बैठकीकडे पाठवलं. दोघांनी समोरासमोर बसायचं, काय घडलं ते बोलायचं आणि झालेलं नुकसान कसं भरून काढायचं ते ठरवायचं. ठरलेलं त्याने पाळलं तर तुरुंग टळेल, नाही पाळलं तर पुन्हा कोर्ट. काकूंची तयारी नसेल तर मात्र बैठक व्हायची नाही. काकू बरेच दिवस ‘बघू’ म्हणत राहिल्या आणि मग हो म्हणाल्या, कारण त्यांना एक गोष्ट विचारायची होती आणि तिचं उत्तर दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

बैठक शाळेच्या पहिलीच्या वर्गात भरली. ती घेणाऱ्या बाई पूर्वी तिथेच शिकवत. काकू, त्यांची लेक, वायरमन आणि त्याची थोरली बहीण अशी मोठाली माणसं छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. भिंतीवर मुलांनी रंगवलेले हत्ती होते, त्यातला एक जांभळा. या बाकांवर कोणाला फार वेळ रुबाब दाखवता येत नाही, म्हणून मला ही खोली आवडते, असं बाई म्हणाल्या. बहीण हसली. वायरमन खाली मान घालून बसला होता.

बाईंनी त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मध्ये कोणाला बोलू दिलं नाही. ठेकेदाराने काम बंद केलं होतं. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून तो रोज सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघे आणि बागेत जाऊन बसे. एका संध्याकाळी बऱ्याच उशिरा घरी परतताना तो मागच्या गल्लीतून गेला आणि काकूंच्या बंद दुकानात खिडकीतून शिरला. बहिणीला हे सगळं नंतर कळलं. ती म्हणाली, “आणि मी याला रोज डबा भरून देत होते. बागेत बसून पक्ष्यांना घालायचा बहुतेक.”

“नाही ताई, खायचो,” तो म्हणाला.

मग काकूंची पाळी आली. “माझंच दुकान का? माझ्यावर पाळत ठेवून होतास का? मी एकटी असते हे कोणी सांगितलं तुला?”

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. “कोणी नाही सांगितलं काकू. दुकान कोणाचं तेही मला माहीत नव्हतं. गल्लीतला दिवा गेला होता आणि तुमच्या खिडकीची कडी ढिली होती. दिवा चालू असता तर मी सरळ पुढे गेलो असतो.”

इतके दिवस काकूंनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहिलं होतं. टेप गळ्यात टाकून माप घेताना मनात येई, यानेच तर सांगितलं नसेल? आणि कारण निघालं ते एवढंच, गेलेला दिवा आणि ढिली कडी. लेकीने पाण्याची बाटली पुढे केली. काकूंनी पाणी पिऊन ती परत दिली.

वायरमनने पिशवीतून कापडात गुंडाळलेली कात्री काढली आणि दोन्ही हातांनी पुढे ठेवली. काकूंनी ती उघडली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि उजेडात धरली. धारेत खाचा पडल्या होत्या.

“हिने काय कापलंस?”

“तार,” तो म्हणाला.

आतापर्यंत शांत असलेल्या काकू लालबुंद झाल्या. “मोटर नेलीस, इस्त्री नेलीस, ते एक वेळ समजू शकते. कापडाच्या कात्रीने तार कापलीस?”

“लहानपणी मी हिने वहीचं कव्हर कापलं, तर आई दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी,” लेकीने बाईंना माहिती पुरवली.

“चुकलं काकू. माझी पक्कड त्या संध्याकाळी कुठेतरी पडली होती.”

काकूंनी सावकाश आपल्या पिशवीत हात घातला आणि एक पक्कड बाहेर काढली. मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. पोलीस गेल्यावर ती कापड बेतायच्या टेबलामागे सापडली होती. तेव्हापासून भीतीपोटी काकू ती उशाशी घेऊन झोपत आणि बाहेर निघाल्या की पिशवीत ठेवत.

वायरमनचा चेहरा उजळला. त्याने पक्कड हातात घेतली, उलटीपालटी केली आणि तो थबकला. तोंडाची एक बाजू ठोकून ठोकून चेपली होती, मुठीला तडा गेला होता.

“हिने काय केलंत?”

“खिडकीला खिळे ठोकले,” काकू बारीक आवाजात म्हणाल्या.

“पकडीने खिळे? काकू!”

अगदी काकूंचाच सूर लागला होता. आधी बहिणीला हसू फुटलं, मग लेकीला. बाई उगाचच चष्मा पुसत बसल्या. काकूंनी कात्रीकडे पाहिलं, पकडीकडे पाहिलं आणि त्याही हसल्या.

पुढचं ठरायला फार वेळ लागला नाही. वायरमनने खिळे उपटून खिडकीला चांगली कडी बसवायची, कात्रीला धार लावून आणायची आणि गल्लीतला दिवा सुरू करायचा. दिव्याची परवानगी बाई नगरपालिकेतून आणणार होत्या. शेवटी बाईंनीच सुचवलं, की गल्लीतल्या इतरांच्या खिडक्याही त्याने पाहाव्यात. चोराला काय सोपं वाटतं, हे इथे याच्याइतकं कोणाला कळणार? लेक म्हणाली, पण याला दारात उभं कोण करेल?

“मी जाईन त्याच्याबरोबर,” काकू म्हणाल्या.

त्या गेल्याही. काहींनी दार उघडलं नाही, एकाने आतूनच नको म्हणून सांगितलं. पण काकू टेप गळ्यात तशीच ठेवून दर रविवारी त्याच्यापुढे चालत राहिल्या आणि हळूहळू कड्या बदलत गेल्या. भंगारवाल्याने त्याला एका ठेकेदाराकडे कामही मिळवून दिलं. आधी मात्र स्वतःच्या दुकानाची खिडकी तपासून घेतली.

एके संध्याकाळी लेक दुकान विकायचं काय ठरलं ते विचारायला आली. मागची खिडकी सताड उघडी होती. वाऱ्याने टांगलेले ब्लाउज हलत होते, मशीन चालू होतं आणि दिवेलागण कधीच होऊन गेली होती. तेवढ्यात खिडकीबाहेर खुट्ट झालं. लेक दचकली. काकूंचा पाय मशीनवरून उचलला गेला नाही.

“कोण आहे?”

“मीच, काकू. दिव्याची काच पुसतोय.”

“पूस. आणि जाताना पक्कड विसरू नकोस.”

दुकान विकायचा विषय लेकीने काढलाच नाही. तिने स्टूल ओढलं आणि आईच्या शेजारी बसून हुक लावायला घेतले.