सरळ पाहिलं की पुसलं जातं

मनकर्णाबाईचे डोळे नासत होते तेव्हा अख्खा शेजार एकच सांगत होता, पिकू द्या. मोतीबिंदू कच्चा काढत नसतात. भाजीपाल्याच्या मळ्यात जन्म गेलेली माणसं, सगळं पिकल्यावरच तोडायची सवय. डॉक्टरला दाखवायलाही कुणी नेलं नाही. पिकलंच नाही तर दाखवायचं काय? नवरा उत्तमराव ऐटीत म्हणायचा, "पुढच्या वर्षी शिबिरात काढून टाकू. फुकटात होते." तोवर बाई वांगी निवडायची आणि किडकं वांगं चांगल्यात जायचं. हर्रासीत, बाजाराच्या लिलावात, व्यापारी ओरडायचे. बाई डोळे चोळायची, तंबाखूची चिमूट तोंडात टाकायची आणि पुन्हा निवडायला बसायची.

शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब टाकून आत पाहिलं. मोतीबिंदू नावाला होता. बिघाड मागच्या पडद्यात होता. वयानं पडदा बरोबर मधोमध झिजला होता.

"मंग काढून टाका न पडदा," उत्तमराव म्हणाला.

"पडदा काढता येत नाही, काका."

"इंजेक्शन?"

"ते ओल्या प्रकाराला देतात. यांचा कोरडा आहे."

"कोरडा तं बरा न, बाई? आमच्यात ओलं असते तेच सडते."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी खोटा धीर दिला नाही. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी झीज मंदावते, गेलेलं परत येत नाही, हे तोंडावर सांगितलं. तंबाखू आजपासून बंद. चौकटी छापलेला एक कागद दिला. तो भिंतीला लावायचा, रोज एकेक डोळा झाकून पाहायचा आणि रेघा अचानक जास्त वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी यायचं. आणि रोज हिरवी पालेभाजी खायची. पालक, मेथी.

"आमी पालक विकतो, बाई," मनकर्णाबाई म्हणाली. "खात नाई."

उत्तमरावनं खिशातून मोबाइल काढला. त्यात लाल उजेडाच्या मशीनचा व्हिडिओ होता. ना सुई, ना चिरफाड, नुसतं समोर बसायचं. डॉक्टरीणबाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला. "सुरुवातीच्या काही पेशंटांना थोडा फायदा झालेला दिसतो. यांचा डाग फार पुढे गेलाय. मी तुम्हाला मशीनसमोर बसवून आशा विकणार नाही."

उत्तमराव हिरमुसला. त्याला आशाच विकत पाहिजे होती.

मनकर्णाबाईनं एकच विचारलं. "माणसाचं तोंड दिसन का मले?"

त्यावर तिला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं प्रतीक्षा नावाची पोरगी होती. उरलेल्या नजरेनं कसं पाहायचं ते शिकवणं हेच तिचं काम. ती समोर बसली. मनकर्णाबाईला तिचे केस दिसत होते, कानातले दिसत होते, ओढणी दिसत होती. मध्ये तोंडाच्या जागी राखाडी डाग.

"माझ्याकडे पाहू नका, आजी."

"मंग कुठं पाहू?"

"माझं तोंड म्हणजे घड्याळ समजा. बाराकडे पाहा. काही दिसतं? नाही? आता दोनकडे. माझ्या कानाच्या वर."

बाईनं नजर वर सरकवली, आणि खालच्या अंगानं एक तोंड वर आलं. नाक, टिकली, हसताना दिसणारे दात. पाण्यातून दिसावं तसं हलणारं, पण तोंड.

"दिसली व माय!" बाई ओरडली. ओरडता ओरडता सवयीनं सरळ पाहिलं, आणि पोरगी पुसली गेली.

"असंच होणार," प्रतीक्षा म्हणाली. "जन्मभराची सवय आहे. आवडीचं माणूस आलं की आपण त्याच्या डोळ्यातच पाहतो. ते सोडायला शिका."

घरी सराव उत्तमरावच्या तोंडावर चालला.

"कुठं पाहून राहिली? मी इकडं हाओ!"

"तुमाले पाहासाठी तुमच्याकडं पाहाच लागत नाई आता."

"मंग कोणाकडं पाहते?"

"मांगच्या बैलाकडं. त्यानं तुमी दिसता."

शेजारणींनी वेगळाच अर्थ काढला. म्हातारी माजली, बोलताना तोंडाकडेही पाहत नाही. मनकर्णाबाईनं कोणाला समजावलं नाही. ह्या सगळ्यांची तोंडं तिला पाहायची होती कुठं? तिला एकच तोंड पाहायचं होतं आणि ते अकोल्यात होतं.

नीलम. तिची लेक. आठ वर्षांपूर्वी नीलमनं सुगतशी कोर्टात लग्न केलं. पोरगा बौद्ध. शिकलेला, निर्व्यसनी, पण हे कोणी विचारलंच नाही. उत्तमरावनं लेक मेली असं जाहीर केलं आणि भाऊबंदांना बोलावून सुतकाची अंघोळ केली. जिवंत पोरीची. ज्यांना वांग्यातली कीड दिसत नाही त्यांनाही जात मात्र अंधारात दिसते. त्यासाठी पडदा शाबूत असावा लागत नाही. मनकर्णाबाईनंही त्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं. कोणी तिला जबरदस्ती केली नव्हती.

मग आठ वर्षं ती मनातल्या मनात पोरीचं तोंड पाहत राहिली. पालकाच्या जुड्या बांधताना, सांभाराच्या, कोथिंबिरीच्या, काड्या धुताना. वाटायचं, कधीतरी राग शमेल, पोरगी येईल, मग पोटभर पाहू. आता घरातल्या जुन्या फोटोवर भिंग धरलं की एक डोळा दिसायचा. भिंग सरकवलं की गाल. मग हनुवटी. अख्खी पोरगी एकदाही जमली नाही. आणि डाग वाढत होता. दोनच्या काट्यावरही कडा धुरकट व्हायला लागल्या होत्या.

एका सकाळी तिनं उत्तमरावला सांगितलं. विचारलं नाही.

"मी नीलूले पाहाले जाऊन राहिली."

"नाव काढू नको त्या पोट्टीचं."

"नाव नाई काढत. तोंड पाहून येतो."

"गेली तं परत येऊ नको!"

"मंग भाकरी कोण थापन तुमाले? भाऊबंद?"

उत्तमरावनं पायानं खाटेखालच्या चपला ओढल्या. मग उठला आणि गाडीला किक मारली. अमरावतीच्या स्टँडवर त्यानं तिला सोडलं. गाडीवरून उतरला नाही. "सांजच्या बशीनं ये," एवढंच बोलला.

बशीची पाटी बाईला वाचता येत नव्हती. "अकोला हाये का, बा?" असं तीन जणांना विचारून ती चढली. मूर्तिजापूर गेल्यावर तिनं पदराआडून सराव सुरू केला. समोरच्या बाईच्या कानाच्या वर पाहायचं. सरळ नाही. काही झालं तरी सरळ नाही.

अकोल्याच्या स्टँडवर एक माणूस जवळ आला. पांढरा शर्ट, मधे डाग.

"आई, मी सुगत."

बाई गडबडली. "जवाईबापू, तुमचं तोंड नाई दिसत मले."

"काही बिघडत नाई. पाहासारखं काही नाईच. नीलमले विचारा." त्यानं तिचा हात धरून स्कूटरवर बसवलं. निघण्याआधी तिनं त्याच्या दुकानात फोन लावून घेऊन डोळ्यांचं सगळं सांगितलं होतं, ते त्यानं नीट ऐकून ठेवलं होतं. पायरी आली की पायरी म्हणायचा.

जठारपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत नीलमनं चहा ठेवला आणि समोर बसली. सुगत दुकानात निघून गेला. त्याला कळत होतं.

मनकर्णाबाईनं नजर नीलमच्या कानाच्या वर नेली. भिंतीवर कॅलेंडर होतं. तिथं टिकवली. आणि खालून हळूहळू लेक वर आली. आधी कपाळ. मग चष्मा. चष्मा कधी लागला? गाल उतरलेले. भांगाजवळ एक पांढरी बट. मनात ठेवलेली पोरगी वेगळी होती. ही थकलेली बाई होती. पण वरचा ओठ तोच, रागात दुमडणारा. ती कॅलेंडरला चिकटून राहिली, जणू तिथून हात सुटला की विहिरीत पडेल.

"तुह्या केसात पांढरं आलं व, नीलू."

"आठ वर्षं झाली, माय."

"बारीक झाली."

"तू कॅलेंडरसंग बोलून राहिली असं वाटते."

"तसं नाई पाहिलं तं तू दिसत नाई मले. त्या पोरीनं शिकवलं—"

"माईत हाये. सुगतनं सांगतलं. डोक्याले समजते." नीलमनं कप खाली ठेवला. "पण लग्न झाल्यावर मी सामान घ्याले आली होती, आठवते? फाटकात उभी होती. तू तवाबी अशीच तिसरीकडं पाहत होती. तवा तं डोळे चांगले होते तुहे."

बाईनं नजर कॅलेंडरवरच रेटून धरली.

"मी वाट पाहत होती, माय. एक डाव पाहिलं असतं तरी चाललं असतं. काहून नाई पाहिलं?"

"नीलू..."

"कॅलेंडरले नको सांगू. मले सांग. माह्या डोळ्यात पाहून सांग."

लेक पूर्ण दिसत होती. ओठ, चष्मा, ती बट. एवढ्यासाठीच बाई आली होती. अजून थोडं पाहिलं असतं तर पुढं पुरलं असतं. पुन्हा यायला मिळेल, तेव्हा डाग केवढा असेल, याचा काही भरवसा नव्हता.

तिनं नजर कॅलेंडरवरून खाली आणली. बट गेली, कपाळ गेलं, चष्मा गेला. समोर राखाडी डाग आणि भोवती लेकीचे केस. त्या डागाच्या मधोमध, जिथं डोळे असायला पाहिजेत तिथं, बाईनं नजर रोवली.

"तुह्यापरीस जात मोठी वाटली मले," ती म्हणाली. "म्हणून नाई पाहिलं."

मग नीलम रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, आवाज दाबून. ते तोंड कसं झालं असेल, हे पाहायला बाईचा जीव तुटत होता. नजर बोटभर वर सरकवली की दिसलं असतं.

तिनं ती सरकवली नाही. पापणी न लवता त्या डागाकडे पाहत राहिली.