इल्पोने लपवलेला बूटलोडर

रैमोचं नाव आमच्या घरी कुणी काढत नसे. माझा नवरा इल्पो आणि तो, दोघांनी उमेदीची वर्षं फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या एकाच मोबाइल कंपनीत घालवली. पुढे त्यांचा विभाग बंद पडला, पण वेड सुटलं नाही. लिनक्सवर चालणारे फोन घेऊन दोघं आमच्या स्वयंपाकघरात बसलेले असायचे. फोनचं बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवतो तो बूटलोडर; तो रैमो लिहायचा. बॅटरी पार उतरली की फोन चार्जच होत नसे. त्यावर इल्पोने तोडगा पाठवला, तर रैमोने प्रकल्पाच्या मेल-यादीवर सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "ही दुरुस्ती नाही, ठिगळ आहे."

झालं. इल्पोने आमच्या दोघांच्या फोनमध्ये स्वतःचा बूटलोडर बसवला आणि रैमोशी बोलणं टाकलं.

या उन्हाळ्यात फोनची नवी प्रणाली आली. ती इल्पोच्या बूटलोडरवर सुरू होईना.

"मग घेऊ नकोस नवी," इल्पो म्हणाला.

"जुन्यात लेकीने पाठवलेले फोटो उघडत नाहीत."

"नातू तोच आहे. नाक बदललेलं नसणार."

मी ब्लूबेरी वेचायला जाते म्हणून निघाले आणि बस धरून थेट रैमोच्या तळ्याकाठच्या घरी गेले. तो लाकडं फोडत होता.

"सिर्का," तो म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. "कॉफी तयार आहे."

मी फोन टेबलावर ठेवला. "नवा बूटलोडर घाल. बॅटरीची दुरुस्ती आहे ना त्यात?"

तो उगाच केबल सरळ करत राहिला. "आहे. इल्पोचीच. हिवाळ्यात बर्फावर मासे धरायला गेलो होतो, तिथे माझा फोन उतरला, मग चार्जच होईना. घरी येऊन इल्पोचं काम पुन्हा वाचलं. बरोबर होतं."

"त्याला सांगितलंस?"

"कसं सांगणार?"

"तोंडाने."

रैमोने माझा फोन ओढून घेतला. फोन लॅपटॉपला जोडला, काम सुरू केलं. सगळं सुरळीत झाल्याचं लॅपटॉपने सांगितलं, पण फोन उठेना. बटण दाबून पाहिलं, बॅटरी काढून घातली. पडदा काळा तो काळाच.

"मुद्दाम केलंस?"

"माझ्या हातून मुद्दाम काही होत नाही," तो कपाळ चोळत म्हणाला. "इल्पोने त्याचा बूटलोडर नेहमीच्या जागी ठेवलेलाच नाही. कुठेतरी आत दडवलाय. फोन आधी तोच शोधतो आणि तिथेच अडकतो."

"मग विचार त्याला."

त्याने लाकडांकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. शेवटी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन मधे ठेवला.

"हं," पलीकडून इल्पो.

"रैमो बोलतोय. सिर्काचा फोन बंद पडलाय."

मग इल्पो म्हणाला, "ब्लूबेरी मिळाल्या का तिला?"

"नाही मिळाल्या," मी म्हणाले.

"मागचं झाकण काढा. बॅटरीखाली दोन बारीक पितळी ठिपके आहेत. चिमट्याने दोन्ही जोडून धरा आणि तसंच केबल लावा. माझा बूटलोडर बाजूला पडेल. हात हलवू नका. रैमोला धरू देऊ नकोस, त्याचे हात थरथरतात."

"पूर्वीपासून," रैमोने कबूल केलं.

चिमटा मी धरला. रैमोने केबल लावली, नवा बूटलोडर पुन्हा एकदा फोनवर चढवला. या वेळी पडदा उजळला.

"उठला," मी म्हणाले.

"बॅटरीचं काय केलंय त्यात?" इल्पोने विचारलं.

रैमो खाकरला. "तुझंच घेतलंय. तुझ्या नावाने. तेव्हा चुकलो मी."

मग इल्पो म्हणाला, "सौना तापवलायस का?"

"तापवतो."

संध्याकाळच्या बसने इल्पो आला. हातात सॉसेजचं पाकीट होतं. दोघांनी हात मिळवले आणि हवामानावर बोलत वाफ घ्यायला सौनाकडे निघाले. जाता जाता इल्पोने स्वतःचा फोन माझ्यासमोर ठेवला.

"यातही तो नवा घाल," तो म्हणाला. "ते ठिपके तुला सापडतीलच."

मी सौनाच्या पायरीवर बसून झाकण उघडलं. आतून तापल्या दगडांवर पाणी मारल्याचा आवाज आला, आणि मग कोडच्या कुठल्याशा ओळीवरून दोघं वाद घालू लागले.