पहिलं फाडलं, शेवटचं गेलं

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोडगोड बोलणं आज माझ्याकडून व्हायचं नाही.

मला एका आजोबांनी शिवलं. त्यांचा जन्म पुस्तकबांधणीत गेला. नातीच्या जुन्या वह्यांतले कोरे कागद त्यांनी सोडवले, मधोमध दुमडले आणि जाड दोऱ्याने शिवले. सुई दोनदा बोटात घुसली. शेवटच्या पानावर त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "छकुले, वही संपली की वाच. आधी डोकावायचं नाही हं!"

पुढच्याच महिन्यात ते आजारी पडले. उजवा हात गेला, वाचाही गेली.

आणि वर्गात काय चाललं होतं? बाईंचा नियम होता, खाडाखोड दिसता कामा नये. मग काय, एक वेलांटी चुकली, फाड पान! विमान करायचंय, फाड पान! मधल्या सुट्टीपर्यंत टोपली ओसंडून जायची आणि त्यातले निम्मे कागद कोरेकरकरीत. झाडणाऱ्या मावशी ओरडायच्या, "अरे, एका ओळीसाठी अख्खं पान? काही वाटतं का तुम्हाला?" पोरं फिदीफिदी हसायची. छकुलीसुद्धा!

पहिल्याच पानावर तिने सात आठे चोपन्न लिहिलं आणि टर्रकन पान फाडलं. अगं, शिवलेल्या वहीत पहिलं आणि शेवटचं पान म्हणजे एकच कागद! एक फाडलं की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. दोन दिवसांत माझं शेवटचं पान निसटून बाकाखाली पडलं. छकुलीनेच ते उचललं. कोरी बाजू वर होती. तिने उलटून बघितलंसुद्धा नाही, चुरगाळून टोपलीत टाकलं. मला तोंड असतं तर मी शाळा डोक्यावर घेतली असती.

दोन महिन्यांनी मी संपले. ती हसत हसत शेवटचं पान उघडायला गेली, तर ते नव्हतंच. बाकाखालचा तो कागद तिला आठवला आणि ती धावत मावशींकडे गेली. मावशींना रागावताही येईना. "बाळा, तो कचरा कधीच गेला गं."

घरी तिने विचारलं, "आजोबा, काय लिहिलं होतं?" त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. मग ते डाव्या हाताने तिचेच डोळे पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाईंसमोर ठेवलं आणि रडत सगळं सांगितलं. बाईंनी आपला नियम त्याच दिवशी मोडीत काढला. आता वर्गात चुकलं की एक आडवी रेघ मारतात आणि पुढे लिहितात. फार लवकर सुचलं हो, बाई!

मित्रांनो, माझ्यावर खुशाल खाडाखोड करा, मला त्याची लाज नाही. पण पान फाडायला हात उचललात तर आधी दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघा. सात आठे छप्पन्न हे छकुलीला आता झोपेतही येतं. आजोबांच्या चार ओळी मात्र तिला कधीच कळणार नाहीत.