टाके उसवून मिळण्याबाबत

मी एक जुना गुन्हे-इतिहास आहे आणि गेल्या गुरुवारी मला वाचून संपवण्यात आलं. मित्रांनो, असं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. मीही तसंच करतोय.

माझा जन्म एका निवृत्त हवालदाराच्या जेवणाच्या टेबलावर झाला. गावातले सगळे गुन्हे त्यांना पाठ होते, फक्त ओळीने नव्हते. जसं आठवलं तसं त्यांनी लिहिलं. त्यामुळे माझ्या पाचव्या प्रकरणात मनोऱ्यावरचं घड्याळ चोरीला जातं, दुसऱ्या प्रकरणात चोर सापडतो आणि परिशिष्टात त्याचा जन्म होतो. अनुक्रमणिका मधोमध होती. ती कुणालाच सापडली नाही, म्हणून तिच्यातल्या चुकाही निघाल्या नाहीत.

बरीच वर्षं मी एका कपाटाच्या आखूड पायाखाली होतो. तिथे माझं कौतुक झालं. कपाट कधी डुगडुगलं नाही.

मग मला शिंपीकाकांच्या दुकानातल्या वाचन मंडळात आणलं. मंडळ म्हणजे तीन माणसं. निवृत्त नर्सबाई मोठ्याने वाचायच्या, त्यांचे भावोजी हरकत घ्यायचे आणि शिंपीकाका चहा करायचे. काकू गेल्यापासून त्या दुकानात छाती-कंबरेच्या मापांपलीकडे कुणी काही बोललं नव्हतं. आता काका बुधवारपासूनच गुरुवारची वाट बघायचे. मीही बघायचो. मला दुसरं कामच नव्हतं.

"अहो, चोर आधीच पकडलाय, मग चोरी केली कुणी?" नर्सबाई विचारायच्या.

"सुटला असेल," भावोजी म्हणायचे.

"तो तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता!"

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही."

शिंपीकाका कप पुढे सरकवत म्हणायचे, "घाई काय आहे? पुढच्या गुरुवारी बघू की."

माझ्यात एक लंगडा चोर होता, एक शिट्टीवाला आणि एक टोपीवाला. भावोजींनी घाबरून दाराला दुसरी कडी बसवून घेतली. इतकं मनापासून मला कुणीच वाचलं नव्हतं.

पण एके दिवशी नर्सबाईंचा धीर सुटला. "बास झालं! पानं सुटी करा आणि तारखेप्रमाणे लावा. काका, शिवायचं तुम्ही."

काकांच्या हातातली सुई थांबली. मी संपलो की गुरुवार संपणार, हे त्यांना कळलं होतं. दोन टाके कच्चे घातले असते, चार पानं उलटसुलट लावली असती, तर आणखी वर्षभर वाद चालला असता. पण तो हात जन्मात कच्चा टाका घालायला शिकला नव्हता. त्यांनी मला दुहेरी दोऱ्याने, लग्नाचा कोट शिवावा तसं शिवलं.

गेल्या गुरुवारी (जो आलाच नव्हता) नर्सबाईंनी मला ओळीने वाचलं. तिन्ही चोर एकच निघाले. मनोऱ्यावरून उतरताना पडला म्हणून लंगडा, वर वारा लागायचा म्हणून टोपी, अंधाराची भीती वाटायची म्हणून शिट्टी. घड्याळ मागे पडतं अशी तक्रार घेऊन तो स्वतःच चौकीवर गेला, तेव्हा पकडला गेला. बाकी सगळी प्रकरणं हेच पुन्हा सांगत होती. गावात दुसरा गुन्हाच नव्हता.

चहा निवायच्या आत मी संपलो.

"एवढंच?" भावोजी म्हणाले. "आणि मी दुसरी कडी बसवली!"

"किती सोपं होतं हो," म्हणत नर्सबाईंनी चष्मा मिटला. दोघंही "येतो हं काका" म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

आज गुरुवार आहे. काकांनी तीन खुर्च्या मांडल्यात, तीन कप विसळलेत. मघाशी त्यांनी मला उघडलं. पहिलं पान वाचलं, उलटलं, तर मागे दोन नंबरचंच पान आलं. आम्हा दोघांचीही निराशा झाली.

मित्रांनो, पुस्तकांची धूळ झाडा, त्यांना जपा. पण नीट लावण्याआधी त्यांना एकदा विचारा.

तरी माननीय वाचन मंडळास नम्र विनंती की, सदर पुस्तकाचे टाके उसवून पानं पूर्ववत विस्कटून मिळावीत. टाके ज्यांनी घातले त्यांनीच उसवावेत. त्या वेळी उर्वरित दोन्ही सभासदांनी समक्ष हजर राहावं आणि त्यांपैकी एकाने हरकत घ्यावी. अर्जाचा निर्णय मंडळाच्या पुढील सभेत व्हावा. पुढील सभा व्हावी.